अद्भुतकथेची पारख

हरमलच्या उत्तरेस केरी, केरीपाशी तेरेखोल नदीचे मुख आणि नदी ओलांडून काही मैल गेले की शिरोडा व आरवली ही गावे लागतात. आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाची राखण करीत हिंडतो व त्यामुळे वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ या काळात वि. स. खांडेकर शिक्षक होते. मराठीत रूपककथा रुजविणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. म्हणजे लोकमनातील अद्भुत आणि साहित्यातील अद्भुत, ही दोन्ही पेडण्याच्या शेजारीच नांदत आली आहेत. तरीही एखादी नवी अद्भुतकादंबरी हाती आली की ती कशी वाचावी आणि तिची पारख कोणत्या कसोटीवर करावी, याविषयी पुष्कळांचा गोंधळ उडतो.

हा गोंधळ जुना आहे. मराठी कादंबरीच्या बाल्यावस्थेत अद्भुताचेच राज्य होते. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. आपल्या समाजाच्या नित्य जीवनात कादंबरीला पुरेल असे चित्तवेधक काही नाही, म्हणून असामान्याकडे वळावे लागते, अशा आशयाचे समर्थन रिसबुडांनी प्रस्तावनेत केले होते. पुढे १८८५ पासून हरि नारायण आपटे यांनी सामाजिक वास्तवाची वाट मळली आणि वाचकाला आपल्याच घरातील सुखदुःखे दिसू लागली. हा लाभ थोर होता. पण त्याबरोबर एक हानीही झाली. वास्तवाचे माप हेच एकमेव माप ठरले आणि अद्भुतकथेला मुलांच्या किंवा फावल्या वेळेच्या फळीवर बसविण्यात आले.

ही चूक केवळ मराठीत घडली असे नाही. टोल्किन या इंग्रज प्राध्यापकाची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत निघाली. ऑडेन या कवीने तिचा गौरव केला, तर १९५६ मध्ये एडमंड विल्सन या नामांकित टीकाकाराने ती पोरकट ठरविली. ग्रंथ एकच, परीक्षक दोघेही व्यासंगी. मग निर्णयात एवढे अंतर का पडावे? मापे निराळी होती म्हणून. टोल्किनने १९३९ मधील एका व्याख्यानात म्हटले होते की, लेखक एक दुसरे जग रचतो आणि त्या जगाचे नियम पाळले जातात तोवर वाचक तेथे खराखुरा विश्वास ठेवतो. नियम मोडला की मोहिनी तुटते.

हे तत्त्व पेडण्याच्या प्रेक्षकाला कोणी शिकवावयास नको. दशावतारी खेळात रंगमंचावर एकच बाकडे असते. तेच सिंहासन होते, तेच पर्वत होते आणि पहाटेपर्यंत कोणी तक्रार करीत नाही. मात्र राजाची भूमिका करणारा नट राजासारखा बोलला नाही, तर पुढच्या रांगेतील म्हातारा लगेच मान फिरवितो. अशक्य गोष्ट तो मान्य करतो. विसंगत गोष्ट नाही.

म्हणून परीक्षकाने पहिला प्रश्न विचारावा तो नियमाचा. या जगात काय घडू शकते आणि काय घडू शकत नाही, हे लेखकाने ठरविले आहे काय? संकट दाटून येताच आयत्या वेळी नवा मंत्र सापडत असेल, तर ते अद्भुत नव्हे, ती पळवाट होय.

दुसरा प्रश्न मोलाचा. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) कळीची अशक्य गोष्ट ही की, शापाने आलेले वार्धक्य पुत्राच्या तारुण्याने बदलून घेता येते. पण त्या एका गोष्टीची किंमत पित्याला, पुत्राला, साऱ्या घराला मोजावी लागते आणि म्हणूनच ती कथा मनुष्याची होते. ज्या चमत्काराची किंमत कोणालाच द्यावी लागत नाही, तो वाचकाच्या मनातही काही ठेवून जात नाही.

तिसरा प्रश्न भाषेचा. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या पुस्तकातील ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ या दीर्घकथांत ओळखीचे गाव नाही, ओळखीची नावे नाहीत. तरीही त्या परक्या वाटत नाहीत, कारण त्यांची मराठी उसनी नाही. उलट एखाद्या कथेत देवचार आणि वेताळ असूनही तिचे वाक्य परभाषेतून ओढून आणलेले असू शकते.

अशा पुस्तकांनी मुले अंधश्रद्ध होतील, अशी भीती काही पालकांना वाटते. श्रद्धा आणि कथा यांतील भेद येथे ध्यानी घ्यावा. वेतोबाच्या वहाणा हा भाविकाच्या श्रद्धेचा विषय आहे. कादंबरी श्रद्धा मागत नाही, पुस्तक मिटेपर्यंतचा विश्वास तेवढा मागते. खरी घडलेली म्हणून सांगितलेली भुताची गोष्ट मुलाला भिववते. कल्पित म्हणून सांगितलेली गोष्ट त्याला भयाकडे धीटपणे पाहावयास शिकविते.

परीक्षकाची जबाबदारी यामुळेच वाढते. पुस्तकांचे मोठे दुकान गाठावयाचे तर हरमलच्या वाचकाला म्हापशाची किंवा पणजीची वाट धरावी लागते. वर्षाकाठी दोनतीन पुस्तके घेणारा हा वाचक परीक्षणावर विसंबून पैसे खर्च करतो. ओळखीपोटी केलेली स्तुती त्याला एकदा फसविते आणि मग तो नव्या लेखकाकडे पुन्हा वळत नाही. कथेचा शेवट उघड करणारे परीक्षण त्याचा आनंद हिरावून घेते, तर ‘मुलांसाठी ठीक’ एवढाच शेरा लेखकाचे श्रम मातीमोल करतो. वेतोबाच्या वहाणा कल्पिणाऱ्या या मुलुखात कल्पनेचा तुटवडा नाही. तिला हवा आहे तो डोळसपणे वाचणारा आणि वाचले तेच सांगणारा परीक्षक.