विजेचे जाळे कोणाला विचारून विणले जाते?

वीजदर वाढल्याची बातमी छापून आली की आपल्या बाजारपेठांत दोन दिवस खळबळ उडते. निवेदने दिली जातात, एखादा मोर्चा निघतो, माग एक दिवस बंद राहतात आणि मग सर्व जण आपापल्या कामाला लागतात. हा सारा खटाटोप दर ठरून गेल्यानंतरचा असतो. दर ठरण्यापूर्वी, आणि त्या दरात नव्या उपकेंद्रांचा, वाहिन्यांचा, डीपींचा खर्च धरण्यापूर्वी, ग्राहकाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे असा कायदा आहे. याची खबर फार थोड्या कारखानदारांना असते.

वीज अधिनियम २००३ चे कलम ६४ पाहावे. वीज कंपनीला दर ठरवून हवा असेल तर तिने राज्य वीज नियामक आयोगाकडे अर्ज करावा, तो अर्ज जाहीर करावा, आणि लोकांकडून आलेल्या सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यावा, असे त्यात आहे. हा अर्ज नुसत्या पैशा-पैशांच्या वाढीचा नसतो. पुढील वर्षांत विजेची मागणी किती वाढेल, गळती किती घटेल, जाळ्यावर भांडवली खर्च किती होईल, हे सर्व त्यात मांडलेले असते. त्या खर्चावरचे व्याज, घसारा आणि कंपनीचा परतावा पुढे वर्षानुवर्षे आपल्याच बिलातून वसूल होतो. महावितरणच्या बिलावर ‘वहन आकार’ नावाची ओळ असते. वीज तारांतून आपल्या दारापर्यंत आणण्याचा तो मोबदला आहे. म्हणजे जाळे कोणीही आखो, पैसे आपण भरतो. पैसे भरणाऱ्याने मशवऱ्यात गैरहजर राहावे हे व्यापारात आम्ही कोठे पाहिलेले नाही.

मशवऱ्याची शिकवण आपल्याला नवी नाही. कुरआनात ‘शूरा’ नावाची एक सूरहच आहे. मदीनेवर शत्रू चालून आला तेव्हा खंदक खोदण्याची सूचना हजरत सलमान फारसी (रजि.) यांची होती आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती स्वीकारली. सूचना देणारा इराणातून आलेला एक परदेशी माणूस होता, पण त्याला त्या कामाची माहिती होती. माहिती ज्याच्याकडे आहे त्याला विचारावे, हाच शहाणपणाचा व्यवहार होय.

न विचारता काय होते याचे उदाहरण आपल्या कोकणातलेच आहे. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी करार केला. स्पर्धात्मक निविदा नाही, कराराचा मसुदा लोकांसमोर नाही. एवढी वीज खरोखर लागणार आहे काय आणि ती कोणत्या भावाने पडेल, हे प्रश्न पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी विचारले, परंतु त्यांची दखल घेण्याची सक्ती कोणावर नव्हती. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडू लागली की २००१ मध्ये मंडळाने ती घेणेच बंद केले आणि प्रकल्प थंडावला. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले.

राज्याचा नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला आणि मंडळाच्या दराचा त्याचा पहिला आदेश मे २००० मध्ये निघाला. त्या सुनावणीत ग्राहक संस्थांनी आणि उद्योजकांनी मंडळाचे आकडे तपासले. शेतीच्या विनामीटर वापरात पुष्कळशी गळती दडवलेली आहे आणि मंडळ सांगते तो गळतीचा आकडा खरा नाही, हे तेव्हा चव्हाट्यावर आले. हे काम मोर्चाने झाले नसते. समोर बसून कागद उलगडणारी माणसे होती म्हणून झाले.

२००६ मध्ये पुण्यात आणखी वेगळी गोष्ट घडली. भारनियमनाचे दिवस होते. तेथील उद्योगांनी आपली जनित्रे चालवावीत, तितकी वीज शहरासाठी मोकळी करावी आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी द्यावा, अशी योजना पुढे आली. आयोगाने जाहीर सुनावणी घेऊन ती मान्य केली. जादा पैसे देणे सर्वांनाच पटले असेल असे नाही. पण कोणी, किती आणि कशासाठी द्यायचे याची चर्चा उघड्यावर झाली.

आता आपल्या गल्लीतला हिशेब पाहू. रोहित्र, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो, २०० केव्हीएचे असेल आणि पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर त्यावर सुमारे १८० किलोवॅट भार बसतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. कागदावर २४० मोटरी होतात, पण मोटरीची स्वतःची घट, वाइंडिंगची यंत्रे, वरच्या मजल्यावरची घरे धरली तर त्याच्या बरेच आधी थांबावे लागते. न थांबल्यास व्होल्टेज उतरते. व्होल्टेज १० टक्के उतरले की मोटरीचा जोर १० नव्हे, जवळजवळ १९ टक्के उतरतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. मोटर जास्त करंट ओढते, तापते, जळते. माग अडखळून पुन्हा सुरू झाला की कापडावर आडवी खूण पडते, आणि असा ताका आम्हा व्यापाऱ्यांकडे आला की त्याचा भाव पडतो. रीवाइंडिंगचे बिल मालक देतो, मजुराचा दिवस बुडतो.

मग मोठी डीपी का बसत नाही? अभियंता मंजूर भाराची बेरीज करून आखणी करतो. येथे कटू वाटले तरी लिहिणे भाग आहे. यंत्रमागासाठी २० किलोवॅटपर्यंतचा, म्हणजे साधारण २७ अश्वशक्तीपर्यंतचा, आणि त्यावरचा असे दोन निरनिराळे दर आहेत. वरच्या गटात मागणी आकार लागतो. म्हणून काही कारखानदार कागदावर खालच्या गटात राहतात आणि साचे मात्र जास्त चालवतात. कार्यालयाच्या नकाशावर ती गल्ली हलक्या भाराची दिसते, नवी डीपी दुसऱ्या गल्लीला जाते आणि प्रामाणिकपणे भार नोंदवणाऱ्या शेजाऱ्याची मोटर जळते. शेजाऱ्याचा हक्क बुडवून केलेली ही बचत आम्हाला हलाल वाटत नाही. शिवाय मंजुरीपेक्षा जास्त भार चालवणाऱ्याने कमी व्होल्टेजची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

आकड्यांशिवाय आणखी काही माहिती अशी आहे जी फक्त वस्तीकडे असते. जेथे शुक्रवारी माग बंद असतात तेथे देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती शुक्रवारीच ठेवावी, मात्र जुम्याची वेळ सोडून. रमजानमध्ये तरावीहपासून सहरीपर्यंत घरे आणि दुकाने जागी असतात, आणि हा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. मागील वर्षीच्या त्याच तारखेचा भार पाहून काढलेला अंदाज म्हणूनच चुकतो. ही गोष्ट ईदच्या आदल्या रात्री फोनवर ओरडून सांगण्याची नव्हे, दोन महिने आधी लेखी देण्याची आहे.

भिवंडीत जानेवारी २००७ पासून आणि मालेगावात मार्च २०२० पासून वितरणाचे काम फ्रँचायझी कंपन्यांकडे गेले. तेथील पुष्कळ बांधवांची समजूत अशी की आता आयोगाशी आपला संबंध उरला नाही. तसे नाही. फ्रँचायझीला वेगळा परवाना लागत नाही. परवाना महावितरणचाच राहतो, दरही आयोग ठरवील तोच. त्यामुळे या शहरांतील ग्राहकालाही महावितरणच्या सुनावणीत बोलण्याचा तितकाच हक्क आहे.

दुसरे एक दार जिल्ह्यातच आहे. त्याच कायद्याच्या कलम १६६(५) मध्ये जिल्हा समितीची तरतूद असून विद्युतीकरणाचा विस्तार, पुरवठ्याचा दर्जा आणि ग्राहकांचे समाधान यांचा आढावा घेणे हे तिचे काम आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदेशाप्रमाणे जिल्ह्यातील ज्येष्ठ खासदार तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. कोणत्या भागात वाहिनी किंवा डीपी हवी हे तेथे मांडता येते. मात्र बिल चुकले, मीटर जळाले, जोडणी रखडली तर ती तक्रार निवारण मंचाची आणि त्यानंतर मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालांची बाब. तक्रार आणि नियोजन यांची सरमिसळ केली की दोन्हीकडे वेळ जातो.

दराच्या अर्जाची जाहीर सूचना मराठी दैनिकांत येते. हरकतीची मुदत थोडीच असते, तेव्हा संघटनेने एका जाणत्या तरुणावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी सोपवावी. हरकत मराठीत चालते, आयोगाच्या संकेतस्थळावरूनही देता येते. ‘दरवाढ अन्यायकारक आहे’ एवढ्यावर भागत नाही. आपल्या पेठेत डीपी किती, त्यावर मंजूर भार किती, वर्षात किती वेळा जळाल्या, किती तास वीज गेली, मागील आदेशात मंजूर झालेल्या कामांपैकी आपल्या शहरात किती झाली, असे लिहावे. यासाठी कारखान्यात एक वही टांगून वीज गेल्या-आल्याची वेळ रोज टिपावी. मुनीमजी सहज करू शकतात. सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचे असल्यास हरकतीतच तसे नमूद करावे.

आयोगाच्या आदेशात ग्राहकांचे म्हणणे, त्यावर कंपनीचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय हे मुद्द्यानुसार दिलेले असते, आणि हरकतदारांची नावेही असतात. नवी हरकत लिहिण्यापूर्वी मागील आदेशाचा तेवढा भाग वाचावा. आपल्या शहराचे नाव त्या यादीत किती वेळा आहे तेही मोजून पाहावे.