शाळा सोडण्याचे कारण

मुलांच्या लेखी दहावीचा निरोप एका दिवसाचा असतो. फेब्रुवारीतला तो दिवस, नववीच्या मुलींनी काढलेली रांगोळी, फुगे, भाषणं, रडारड आणि शेवटी पुरी-भाजी. वर्गशिक्षकाचा निरोप दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतो आणि पुढच्या जून-जुलैपर्यंत चालतो. तो बहुतेक सगळा कागदांवर होतो. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि बरीच वर्षं दहावीचा वर्ग माझ्याकडे आहे. समारंभाचे फोटो सगळ्यांकडे असतात. या कागदांबद्दल सांगावं असं मला फार दिवस वाटत होतं.

पहिला कागद बोर्डाच्या आवेदनपत्राचा. अर्ज आता ऑनलाइन भरतात, मग भरलेल्या माहितीची छापील यादी निघते. तिला आम्ही प्री-लिस्ट म्हणतो. ती तपासणं हे माझ्या मते वर्षातलं सगळ्यांत जोखमीचं काम. एक वेलांटी चुकली की ती गुणपत्रकावर जाते, तिथून अकरावीला, तिथून पुढं नोकरीच्या अर्जापर्यंत माणसाच्या मागं लागते. म्हणून मी एकेका मुलाला टेबलाशी बोलावतो आणि त्याचं नाव त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतो. पाचवीपासून ज्याला सगळी शाळा नुसतं ‘बारक्या’ म्हणत आली, तो स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण वाचतो, तेव्हा त्याचा आवाज फुटलेला असल्याचं माझ्या पहिल्यांदा नीट ध्यानात येतं.

आईच्या नावाशी मुलं अडखळतात. घरात तिला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. माहेरी एक नाव, लग्नात ठेवलेलं दुसरं, आधारकार्डावर कधी तिसरंच. गुणपत्रकावर आईचं नाव वेगळ्या ओळीत छापलं जातं, तेव्हा ते बरोबरच हवं. पण विचारायला आई गावात नसते.

नोव्हेंबर उजाडेपर्यंत आमचं गाव निम्मं रिकामं झालेलं असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला सांगली-कोल्हापूरकडं, सोलापूरकडं, पलीकडं कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जायचं आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परत यायचं. धाकटी लेकरं सोबत जातात. दहावीचं लेकरू आजीजवळ राहतं. म्हणून आईच्या नावाची खात्री मी रात्री फोनवर करून घेतो. दिवसा ती फडात असते. एका आईनं विचारलं होतं, “माझं नाव लागतं का वो तिथं, सर?” लागतं म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग आपलं नाव तिनं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि बरोबर लिहिलंय का ते मला परत वाचायला लावलं.

याच दिवसांत मुलं सही करायला शिकतात. परीक्षेच्या कागदांवर ती लागणार असते. वह्यांची मागची पानं सह्यांनी भरतात. कुणी आडनावाखाली दोन रेघा ओढतं, कुणी पहिल्या अक्षराला मोठा फराटा देतं. मराठीची वही तपासताना मला निबंधाच्या मागं अशी पंचवीस-तीस सह्यांची रांग दिसते आणि पोटात हलतं. हे पोर आता जाणार, हे मला त्या पानावर कळतं.

अंतर्गत मूल्यमापनाचे वीस-वीस गुण, तोंडी परीक्षा, जानेवारीतली सराव परीक्षा यांत दिवस कसे जातात ते कळत नाही.

मग समारंभ येतो. पालकांच्या खुर्च्यांवर आज्या बसलेल्या असतात. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. एरवी दांडगाई करणारी मुलं खांबाआड जाऊन डोळे पुसतात. वर्गाच्या वतीनं शाळेला भिंतीवरचं घड्याळ नाहीतर सरस्वतीची तसबीर देतात. त्या दिवशी मला रडू येत नाही. जाणारी मुलं म्हणून मी अजून त्यांच्याकडं पाहिलेलंच नसतं. बसणारी मुलं म्हणून पाहत असतो: हिचा बीजगणिताचा पेपर निघेल का, याची आजी आजारी आहे तर मार्चात याला जेवायला कोण घालणार, प्रवेशपत्रावर कुणाचा फोटो पुसट आला आहे. भाषणात मी थोडंच बोलतो. प्रवेशपत्राच्या दोन छायाप्रती काढा, एक आजीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, केंद्रावर साडेदहाच्या आत पोचा.

परीक्षेच्या काळात तर त्यांची माझी ताटातूटच होते. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला सुरू होतो. 2023 पासून शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात. माझी मुलं एका केंद्रावर असतात आणि मी पर्यवेक्षक म्हणून दुसऱ्या. परक्या मुलांना पुरवण्या देताना, त्यांच्या बारकोडचं स्टिकर जागेवर लागलंय का बघताना, डोक्यात आपला वर्ग असतो. पुढं तपासणीला पेपर येतात तेही परक्यांचे. कोणत्या शाळेचा, कोणत्या गावचा, काही कळत नाही. नुसतं अक्षर असतं. एखादं पत्रलेखन चांगलं रंगलेलं असतं आणि शेवटी पत्ताच लिहायचा राहिलेला असतो. अशा वेळी मी थांबतो. राज्यात कुठंतरी कुणी शिक्षक या घटकेला माझ्या मुलांच्या अक्षरापुढं असाच थांबला असेल. त्यानं जितकी सबुरी धरावी असं मला वाटतं, तितकी मी इथं धरतो. परीक्षेत आपल्या मुलांसाठी करण्यासारखं मला एवढंच उरलेलं असतं.

निरोप कुठं होतो हे मला 2020 आणि 2021 या वर्षांनी शिकवलं. 2020 साली भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, 23 मार्चचा. तो आधी पुढं ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. मुलांचे आईबाप टाळेबंदीत फडांवर अडकले होते. शेवटचा पेपर देऊन शाई उडवत, ओरडत बाहेर पडण्याचा दिवस त्या वर्गाला मिळालाच नाही. पुढच्या वर्षी परीक्षाच झाली नाही. नववीचे पन्नास, दहावीचे तीस आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस असा हिशोब लावून निकाल लागला. समारंभ नव्हता, रांगोळी नव्हती. मुलं एकेकटी, तोंडाला रुमाल बांधून, शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. खिडकीपलीकडं उभी राहिली, रजिस्टरवर सही केली, दाखला घेतला. आणि एरवी समारंभात कोरडा राहणारा मी त्या खिडकीशी पुरता हललो. त्यातला एक मुलगा दाखला हातात घेऊनही जाईना. “आता मी उद्यापासून इथला न्हाई का?” असं त्यानं विचारलं.

दाखला लिहिणं हे खरं तर लेखनिकाचं काम. आमच्याकडं दहावीचे दाखले मी मागून घेतो. निकाल लागल्यावर काही दिवसांनी गुणपत्रकं शाळेत येतात, तेव्हा जनरल रजिस्टर आणि कोऱ्या दाखल्यांचं पुस्तक समोर घेऊन मी बसतो. रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, आईचं नाव, मातृभाषा, धर्म, जात, जन्मस्थळ. जन्मतारीख आधी अंकांत, मग अक्षरांत. आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक. इथपर्यंत हात चालतो, कारण सगळं रजिस्टरवरून उतरवायचं असतं. पुढं दोन रकाने येतात: अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक. जागा जेमतेम बोटभर. तिथं ‘चांगली’ लिहायची रीत आहे.

एक मुलगी सातवीपासून आईबाप फडावर असताना धाकट्या दोघांचा आणि आजीचा स्वयंपाक करून शाळेत येत होती. पहिला तास तिचा कायम बुडायचा. वहीला चुलीच्या धुराचा वास असायचा आणि त्या वहीत बुडालेल्या तासाचा अभ्यास दुसऱ्या दिवशी उतरवलेला असायचा. वर्तणूक, चांगली. एक मुलगा आठवीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हता. मी त्याला वाचायला उभा करणं सोडून दिलं होतं. नववीत एका दुपारी त्यानं आपण होऊन हात वर केला आणि धडा शेवटपर्यंत वाचला. वर्गातल्या कुणीही खोकलंसुद्धा नाही. प्रगती, चांगली. एकानं पाय अधू असलेल्या मित्राला शाळेच्या पायऱ्या चढवून आणायचं काम कुणी न सांगता पाच वर्षं केलं. त्यालाही तोच शब्द. लिहिताना माझी चिडचिड होते. दाखल्याचा नमुना ठरलेला आहे, आणि तो तसाच असावा हेही मला पटतं. शिक्षकाच्या मर्जीचा एखादा वाकडा शब्द मुलाच्या जन्माला चिकटला असता. तरी ते बोटभर कोरं घर डोळ्यांपुढून जात नाही.

खाली छापलेलं असतं की दाखल्यातली माहिती शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणे आहे आणि तीत अनधिकृत बदल केल्यास कायदेशीर कारवाई होईल. त्याखाली तिघांच्या सह्या: वर्गशिक्षक, लेखनिक, मुख्याध्यापक.

पण सगळ्यांत जड रकाना ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा. त्याचं वजन कळायचं तर जुनी रजिस्टरं उघडावीत. आमच्याकडं आताच्या मुलांचे वडीलही याच शाळेत शिकलेले. त्यांची पानं सापडतात. जन्मतारखेच्या रकान्यात ओळीनं 1 जून, 1 जून, 1 जून. घरी तारीख ठाऊक नसायची, तेव्हा शाळेत घालताना गुरुजींनीच ती धरलेली. आणि शेवटच्या रकान्यात ‘सतत गैरहजर, नाव कमी’. नोव्हेंबरात लेकरू आईबापाबरोबर फडावर गेलं, हे त्या पानावर कुठंच नाही. गैरहजर, एवढंच. एका बापाला मी त्याचं हे पान दाखवलं होतं. तो मुलाचा दाखला न्यायला आला होता. त्यानं बोट फिरवत आपली ओळ वाचली, मग मुलाच्या दाखल्यावरची ओळ वाचली: ‘इयत्ता दहावी उत्तीर्ण’. “आमचं बी असंच झालं असतं, सर,” एवढंच म्हणाला आणि दाखला शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

काही दाखले न्यायला कुणी येत नाही. जुलै सरतो, ते कपाटातच असतात. त्यांत मुलींचे जास्त. एप्रिल-मेमध्ये आईबाप गावी येतात, तेच लग्नसराईचे दिवस. वर पुढच्या हंगामाच्या उचलीचा विचार असतो, कारण उचल जोडीला मिळते. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. कायद्यानं मुलीला अठरा पूर्ण लागतात आणि दहावी झालेली पोर पंधरा-सोळाची असते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या रकान्यात या मुलीचंही कारण ‘दहावी उत्तीर्ण’ असंच पडतं, आणि ते खरंही असतं. पण शाळा सुटण्याचं कारण ते नसतं. ही नोंद करताना मला होणारा त्रास मी कुणाला सांगत नाही. दाखला पिशवीत घालतो आणि तिच्या घरी जातो.

घरी नुसती चार समजुतीची वाक्यं घेऊन जाऊन भागत नाही. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अर्जाचे दोन भाग, महाविद्यालयांचे पसंतीक्रम, मोबाइलवर येणारा ओटीपी, फेऱ्यांच्या तारखा. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाच्या खिशात आहे, त्या घरातली मुलगी घरच्यांनी नाही म्हणण्याआधीच तारखेनं बाद होते. म्हणून मी अर्ज तिथंच ओट्यावर बसून भरतो. बापाला सांगतो की मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहं आहेत, हंगामात तिला एकटीला घरी ठेवावं लागणार नाही. बाप ऐकून घेतो. कधी आत जाऊन कागद आणतो, कधी म्हणतो, “बघू की, सर.” ‘बघू की’ म्हणणाऱ्या घरी मी परत जातो.

गेल्या वर्षी अशाच एका घरी आजी सगळं बोलणं होईपर्यंत दारात ज्वारी निवडत बसली होती. मुलगी आतून ऐकत होती. बाप मान खाली घालून. मी पिशवीतून दाखला काढला, पण बापाच्या हाती दिला नाही. तिला बाहेर बोलावलं, रजिस्टरवर तिची सही घेतली, दहावीच्या वहीत गिरवलेली तीच, खाली दोन रेघा असलेली. दाखला तिच्या हातात दिला. मूळ दाखला एकदाच मिळतो, कॉलेजात देताना आधी छायाप्रती काढून ठेव, असं बजावलं. तोवर आजीनं सूप खाली ठेवलं होतं.

“ते पासाचं काय म्हणले तुम्ही, गुरुजी?” तिनं विचारलं. “त्याला कागद कोणता लागतो?”

बोनाफाईड लागतं, आजी, मी म्हटलं. ते आता आमच्या शाळेचं चालणार नाही. कॉलेजात नाव लागलं की तिथलं आणायचं.