सोळा गुंठ्यांची बाग

सावेडी, केडगाव, बोल्हेगाव अशा अहिल्यानगरच्या कुठल्याही उपनगरात गेलं, की घरांच्या मधोमध एखादा मोकळा तुकडा दिसतो. कुठे तारेचं कुंपण आणि आत काँग्रेस गवत, कुठे चार घसरगुंड्या, कुठे पेव्हिंग ब्लॉक टाकून मध्ये ओपन जिमची यंत्रं. लोक या तुकड्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. कॉलनीतल्या मंडळाची बैठक भरली, की विषयपत्रिकेवर एक विषय ठरलेला असतो: ओपन स्पेसचं काय करायचं?

आमच्या कॉलनीत हा विषय दोन वर्षं चालू आहे. मी नगररचनाकार नाही, वकीलही नाही. नगरच्या जुन्या पाणीव्यवस्थेच्या नोंदी गोळा करण्याचा नाद मला गेली वीसेक वर्षं आहे. त्यामुळे मंडळाने बागेच्या आराखड्यासाठी चार जणांची समिती नेमली, तेव्हा ‘जुनी कागदपत्रं वाचणारा माणूस’ म्हणून मलाही त्यात घेतलं. त्या निमित्ताने जे वाचलं, मोजलं आणि विचारलं ते इथे मांडतो आहे. हा प्रश्न एका कॉलनीचा नाही.

आधी बाग, मग शहर

नगरकरांना बागेचं वेड नवं नाही. खरं तर या शहराचा जन्मच बागेतून झाला. १४९० मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला. त्या जागी त्याने महाल बांधून बाग केली, म्हणून ती लढाई इतिहासात ‘बागेची लढाई’ या नावाने ओळखली गेली. शहर उभं राहिलं ते त्यानंतर. पुढच्या शंभर वर्षांत हश्त बिहिश्त बाग आणि फराहबाग झाली. फराहबागेतला तलावात उभा असलेला महाल १५८३ मध्ये सलाबतखानाने पूर्ण केला.

हा भाग पर्जन्यछायेचा आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. मग अशा ठिकाणी कारंजी उडायची कशी? याचं उत्तर जमिनीखाली आहे. कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून, उंचावरच्या विहिरींतून मातीच्या भाजलेल्या नळांनी शहरात पाणी आणलेलं होतं. आपण त्यांना खापरी नळ म्हणतो. ना मोटार, ना पंप. नुसता उतार साधलेला. १८८४ च्या मुंबई गॅझेटिअरच्या अहमदनगर खंडात या नळांची सविस्तर माहिती आहे. ती वाचताना एक गोष्ट स्पष्ट होते. निजामशाहीतल्या माणसांनी आधी पाण्याचा बंदोबस्त केला आणि मग झाडं लावली. नळ बुजले तशा बागाही वाळल्या.

आजचा आपला क्रम नेमका उलटा आहे. आधी कमान, मग नावाची पाटी, मग ब्लॉक, मग लॉन. आणि मार्च उजाडला की टँकर कुठून आणायचा याची चर्चा.

जागा नेमकी कोणाची?

समितीचं पहिलं काम होतं कागद शोधण्याचं. वाचकांनीही तिथूनच सुरुवात करावी, कारण शहरातल्या मोकळ्या जागा दोन वेगवेगळ्या प्रकारच्या असतात आणि लोक त्यांची सतत गल्लत करतात.

पहिला प्रकार म्हणजे विकास आराखड्यातलं आरक्षण. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली शहराचा आराखडा होतो आणि त्यात काही जमिनींवर बाग, क्रीडांगण, शाळा अशी आरक्षणं पडतात. पण आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. आराखडा अंतिम होऊन दहा वर्षांत ती जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. नकाशावर हिरव्या रंगात दिसणारी बाग अशी न लावताच संपते.

दुसरा प्रकार म्हणजे ले-आऊटमधली मोकळी जागा. जमीन बिगरशेती करून प्लॉट पाडताना ठरावीक भाग रहिवाशांच्या वापरासाठी सोडावा लागतो. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटला हे प्रमाण दहा टक्के आहे. चार एकरांचं उदाहरण घेऊ. चार एकर म्हणजे १६० गुंठे. त्याचे दहा टक्के सोळा गुंठे, म्हणजे साधारण १,६०० चौरस मीटर. प्लॉट घेताना प्रत्येकाने या सोळा गुंठ्यांची किंमत आपल्या प्लॉटच्या दरातच मोजलेली असते. ही जागा म्हणजे कोणी केलेलं दान नव्हे.

तरीही अनेक ठिकाणी सात-बाऱ्यावर मूळ मालकाचंच नाव राहिलेलं दिसतं. पंचवीस-तीस वर्षं कोणी उतारा काढत नाही आणि जमिनीचा भाव वाढला की वाद सुरू होतो. म्हणून मंजूर ले-आऊटची प्रत, बिगरशेती आदेश आणि चालू उतारा हे तीन कागद मंडळाच्या फाइलमध्ये असलेच पाहिजेत. सहज मिळत नसतील, तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहेच.

हे कागद लोकांच्या हाती असले की काय होतं, याचं मोठं उदाहरण बंगळूरचं आहे. तिथल्या राजमहाल विलास एक्स्टेंशन वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी द्यायचं ठरलं. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालयही लोकांच्या उपयोगाचंच, हा युक्तिवाद टिकला नाही. बागेसाठी राखलेली मोकळी जागा ही लोकांच्या आरोग्याची गरज आहे आणि ती वाचवण्यासाठी न्यायालयात जायचा हक्क तिथे राहणाऱ्या साध्या माणसालाही आहे, हे त्या निकालाने पक्कं केलं.

आमच्याकडे रुग्णालयाचा नाही, सभामंडपाचा प्रस्ताव आला. लग्नकार्याला हॉल होईल, सणवार साजरे होतील, भाड्यातून देखभाल निघेल, असा हिशेब होता. बोलणारी माणसं प्रामाणिक होती. पण बांधकाम एकदा उभं राहिलं की जागा ‘ओपन’ राहत नाही. नियमावलीत मोकळ्या जागेवर मर्यादित बांधकामाला वाव आहे, तो क्रीडा-मनोरंजनाच्या सोयींसाठी. आणि सार्वजनिक उद्यानांत, रस्त्यांवर कुठल्याही धर्माचं नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. बैठकीत हे बोलायला अवघड जातं. म्हणून ते आधी लिहून वाटावं; तोंडी वाद टळतो.

पाण्याचा जमाखर्च

कागदांनंतर पाणी. याचा हिशेब कुणालाही करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या १,६०० चौरस मीटरवर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरला, तर वर्षाला जवळपास नऊ लाख लिटर पाणी पडतं. आता खर्च पाहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लॉनला दिवसाला चौरस मीटरमागे चार-पाच लिटर लागतात. निम्म्या जागेवर लॉन केलं, तर रोज सुमारे चार हजार लिटर. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचे शंभर दिवस धरले, तरी चार लाख लिटर. शहर मुळा धरणाच्या पाण्यावर जगतं, नळाला रोज पाणी येईलच याची खात्री नसते. त्यात हे चार लाख लिटर आणायचे कुठून? बोअरमधून काढले तर शेजारच्या घरांचे बोअर खाली जातात.

जागा पूर्ण ब्लॉकने झाकली, तर पडलेलं पाणीही गटारात जातं. म्हणून आमच्या आराखड्यात ब्लॉक फक्त चालायच्या पट्ट्यापुरते आहेत. बाकी माती उघडी ठेवायची, उताराच्या कडेने चर खणायचे, खालच्या कोपऱ्यात शोषखड्डा करायचा आणि लगतच्या घरांनी तयारी दाखवली तर त्यांच्या गच्चीचं पाणी गाळून जुन्या बोअरमध्ये सोडायचं. हिवरे बाजारने शिवारात जे केलं, त्यातलंच तत्त्व हे: पाणी अडवा, जिरवा आणि जेवढं आहे त्यात बसेल तेच लावा.

झाडंही त्याच हिशेबाने निवडली. कडुनिंब, करंज, बहावा, कडेला एखादा वड. पहिली दोन-तीन वर्षं पाणी द्यावं लागेल, नंतर ती आपल्या हिमतीवर जगतील. मात्र एक लक्षात ठेवावं. शहरी भागातलं झाड, मग ते आपणच लावलेलं का असेना, तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने परवानगी लागते. म्हणून विजेच्या तारांखाली आणि भिंतीला खेटून झाड लावू नये.

बसणार कोण?

बागेचा आराखडा काढताना आपण वस्तू मोजतो: इतके झोके, इतके बाक, एक हायमास्ट. माणसं मोजत नाही. अमेरिकेत जेन जेकब्ज यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं होतं, की बाग वस्तीला जिवंत करत नाही, वस्तीतली माणसं बागेला जिवंत करतात. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून निरीक्षण केलं, तेव्हा निघालेला निष्कर्ष अगदी साधा होता: जिथे बसायला जागा असते, तिथे माणसं बसतात. आणि जिथे बायकांचं प्रमाण कमी, तिथे काहीतरी बिघडलेलं असतं.

आम्ही एक आठवडा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आळीपाळीने ओपन स्पेसकडे नजर ठेवली. सकाळी फिरायला येणारे बहुतेक पुरुष. दुपारी कॉलनीत धुणीभांडी करणाऱ्या बायका कुंपणाबाहेर, एका घराच्या सावलीत डबा खायच्या. संध्याकाळी मुलं, आणि त्यांत मागच्या वस्तीतली मुलं जास्त. हे पाहिल्यावर बैठकीतला खरा प्रश्न समोर आला. तो लॉनचा नव्हता, फाटकाच्या कुलपाचा होता. ‘बाहेरची पोरं येतात, नासधूस करतात, फाटकाला कुलूप लावून किल्ली सभासदांकडे ठेवा,’ अशी मागणी होती.

या ठिकाणी मुंबईची दोन उदाहरणं उपयोगी पडतात. ओव्हल मैदानाची १९९० च्या दशकात पार दुर्दशा झाली होती. आसपासच्या रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली, देखभालीची जबाबदारी उचलली, कुंपण आणि चालायची वाट केली. आणि क्रिकेट पूर्वीसारखंच सर्वांसाठी चालू राहिलं. दुसरी बाजू पालिकेच्या दत्तक धोरणाची. संस्थांना सांभाळायला दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणूस बाहेर राहिला. २०१६ मध्ये नव्या धोरणाविरुद्ध नागरिकांनी आवाज उठवला, तेव्हा त्याला स्थगिती मिळाली आणि दोनशेहून अधिक जागा परत घेण्याचं काम सुरू झालं. दोन्हीकडे ‘लोकसहभाग’ हाच शब्द होता. फरक पडला तो फाटक कोणासाठी उघडं राहिलं यात.

कुलपाने नासधूस थांबत नाही, वर्दळीने थांबते. रिकाम्या बागेतच झोके तुटतात. म्हणून समितीने वेळा सुचवल्या: पहाटे पाच ते रात्री नऊ फाटक उघडं, रात्री बंद. फाटकाजवळ सावलीत लांब कट्टा, जिथे दुपारी कोणीही डबा खाऊ शकेल. पिण्याच्या पाण्याचा एक नळ. मोठ्यांच्या क्रिकेटपासून लहानग्यांची जागा वेगळी. आणि बायकांच्या सांगण्यावरून, उंच हायमास्टऐवजी वाटेच्या कडेने कमी उंचीचे दिवे, म्हणजे झाडाखाली अंधार राहत नाही.

देखभाल हाच आराखडा

निधी मिळवणं तुलनेने सोपं असतं. नगरसेवक, आमदार, एखादा दाता पुढे येतो, उद्घाटन होतं. माळ्याचा दर महिन्याचा पगार मात्र कोणाच्याच पाटीवर लिहिला जात नाही. म्हणून आम्ही उलट्या बाजूने मोजलं. महिन्याला देखभालीला कॉलनी किती देऊ शकते, हे आधी घरोघर विचारलं. त्या रकमेत जेवढं सांभाळता येईल तेवढंच आराखड्यात ठेवलं. कारंजं त्यामुळे आपोआप गळालं.

घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं ही नगरपालिकांच्या कामांत मोजली आहेत. मंडळाने पैसे घातले म्हणून पालिकेची जबाबदारी संपत नाही. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली, ज्यात मतदारांनी आपल्या भागाच्या गरजा ठरवायच्या. ती कागदावरच राहिली असली, तरी मागणी करण्याचा आधार म्हणून ती हातात आहे.

आमचा आराखडा अजून मंजूर व्हायचा आहे. हॉलचा प्रस्ताव मागे पडला आहे, पण संपलेला नाही, आणि कुलपावर पुढच्या बैठकीत मतदान आहे. दरम्यान पावसाळ्यापूर्वी चर खणून झाले, त्याला कोणाचा विरोध नव्हता. या पावसात पाणी पहिल्यांदाच रस्त्यावर न वाहता आत थांबलं. आता दिवाळीनंतर खड्डे घ्यायचे आणि पुढच्या मृगात रोपं लावायची. तोवर वाचकांनी एक करावं: आपल्या कॉलनीच्या ओपन स्पेसचा उतारा काढून त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचावं.