अदृश्य ठसा उजळतो तेव्हा...

मागे आमच्या वर्गात एक कंपासपेटी हरवली. सगळ्यांनी एकाच मुलाकडे बोट दाखवलं. मीही त्याला दप्तर उघडायला लावलं. "बाई, मी नाही घेतली!" तो रडून रडून सांगत होता. दुसऱ्या दिवशी पेटी सापडली. जिची होती तिच्याच घरी!

नुसत्या संशयावर खरं कळत नाही. त्याला पुरावा लागतो. बोटांचे ठसे हा असाच एक पुरावा. आपल्या बोटांवरच्या बारीक रेषा जुळ्या भावंडांच्याही सारख्या नसतात. वस्तूला हात लागला, की घामाचा आणि तेलकटपणाचा ठसा उमटतो, पण तो सहसा दिसत नाही. त्यावर पूड भुरभुरवली तर दिसतो. मात्र रंगीबेरंगी डब्यावर तो चित्रांतच हरवून जातो. मग काय करायचं?

१९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या एका पोलीस प्रयोगशाळेत गंमत झाली. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने काचपट्टीवर केस चिकटवताना तज्ज्ञाला काचेवर आपलेच ठसे उमटलेले दिसले! गोंदाची वाफ ठशावर बसून पांढरी, कडक होत होती. आता वस्तू बंद पेटीत ठेवून अशीच वाफ देतात. नंतर ऱ्होडामाइन ६जी हा रंग लावतात.

हा रंग मोठा चलाख! तो एका रंगाचा प्रकाश घेतो आणि दुसऱ्या रंगाचा देतो. याला म्हणतात अनुस्फुरण. ट्यूबलाइटच्या आतली पांढरी पूडही हेच काम करते. अंधाऱ्या खोलीत ठशावर हिरवा प्रकाश टाकून नारिंगी चष्म्यातून पाहतात. चष्मा हिरवा प्रकाश अडवतो. डब्यावरची चित्रं काळोखात जातात आणि ठसा तेवढा झगमगतो! (गोंदाची वाफ डोळ्यांना फार झोंबते. घरी हा प्रयोग मुळीच करायचा नाही हं!)

ठशांच्या या शास्त्रात आपला देशही पुढे होता. १८९७ साली कोलकात्यात ठशांची कचेरी सुरू झाली. ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता.

पण एक लक्षात ठेवा. हात कोणाचा लागला, हे ठसा सांगतो. का लागला, हे सांगत नाही. म्हणून तज्ज्ञ घाई करत नाहीत. मी केली होती. त्या मुलाची मी साऱ्या वर्गासमोर माफी मागितली. तुम्हीही कुणाला चोर म्हणण्याआधी थोडं थांबाल ना?