ओतीव ॲल्युमिनियममधली छिद्रं: दोष कुणाचा?

आज आपण अहेरीत बसून ॲल्युमिनियमच्या ओतकामाबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचा इथे काय संबंध? आहे. वैशेषिकांनी ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला. ओतीव वस्तूतलं छिद्र हा असाच अभाव, आणि त्यालाही कारण असतं. छिद्र दिसलं की बोट सरळ ओतणाऱ्याकडे जातं. म्हणून कारण नीट शोधायला हवं.

छिद्रं मुख्यतः दोन कारणांनी पडतात. पहिलं, वायू. पावसाळी हवेतल्या किंवा ओल्या भंगारातल्या पाण्याशी तापलेल्या धातूची क्रिया होते, हायड्रोजन सुटतो आणि रसात विरघळतो. धातू गोठताना मात्र हायड्रोजन सामावण्याची त्याची ताकद सुमारे २० पटींनी घटते. उरलेला वायू जाणार कुठे? बुडबुडे होऊन तिथेच अडकतो. दुसरं कारण, आकसणं. शुद्ध ॲल्युमिनियम गोठताना ६ टक्क्यांहून जास्त आकसतं. ती जागा भरायला मागून रस पोचला नाही, की पोकळी राहते.

आता मिश्रधातूत काय आहे ते पाहू. सिलिकॉन गोठताना फुगतं, म्हणून एकूण आकसणं कमी होतं. ते १२ टक्क्यांच्या आसपास असलं तर सगळा रस ५७७ अंशांच्या सुमारास जवळजवळ एकदमच गोठतो. उलट तांबं साडेचार टक्के असेल तर गोठणं सुमारे १०० अंशांवर लांबतं. तोवर स्फटिकांच्या फांद्यांचं जाळं तयार होतं आणि बांबूच्या दाट बेटातून पाणी झिरपावं तसा रस वाट काढतो. बारीक छिद्रं सगळीकडे विखुरतात. मॅग्नेशियममुळे रसात हायड्रोजन जास्त मावतो. सिलिकॉन आणि तांब्यामुळे कमी.

आणि लोखंड? शेजारच्या एटापल्ली तालुक्यात, सुरजागडला, ते डोंगराचं धन आहे. इथे मात्र सिलिकॉनच्या संगतीत त्याचे पातळ पात्यांसारखे स्फटिक होतात आणि रसाची वाट अडवतात. म्हणजे कुठलंही द्रव्य मुळात वाईट नसतं; ते कुणासोबत आणि किती आहे, यावर सगळं ठरतं.

म्हणून भांडी, तारा, पिस्टन असं सगळं भंगार एकाच भट्टीत टाकू नये. भंगार वेगळं करावं, वाळवावं, रसातून नायट्रोजन किंवा आरगॉन सोडून हायड्रोजन काढावा. लांबत गोठणाऱ्या मिश्रणासाठी साच्यात जास्तीच्या रसाची सोय ठेवावी. हे सगळं पाहून झाल्यावरच ओतणाऱ्याला जाब विचारावा.