संश्लेषकनादाचे संगणकीय संपादन

संश्लेषकनादाचे संगणकीय संपादन : सिंथेसायझर म्हणजे संश्लेषक या विद्युत् वाद्यातील नाद ज्या अंकरूप मूल्यांनी ठरतो, ती मूल्ये संगणकाच्या पडद्यावर पाहून बदलणे व सिद्ध झालेला नाद जतन करणे, या क्रियेस ही संज्ञा लावतात. मुंबईचे वादक अशा नादास ‘टोन’ म्हणतात. संपादनाच्या संगणक-प्रणालीची सामान्यतः दोन अंगे असतात : एक मूल्यांत बदल करणारे आणि दुसरे नादांचे संच क्रमवार लावून ठेवणारे.

पूर्वपीठिका : मुंबईच्या चित्रपटसंगीतात संश्लेषकाचा प्रवेश १९७० नंतरच्या दशकात झाला. केरसी लॉर्ड (१९३५–२०१६) हे मूग संश्लेषक वाजविणाऱ्या येथील आद्य वादकांपैकी होत. मिनीमूग या वाद्यास स्मृती नव्हती. साधलेला नाद पुन्हा हवा असल्यास प्रत्येक खुंटीची स्थिती कागदावर टिपून ठेवावी लागे. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची जी ध्वनिमुद्रिका काढली, तीत रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ व टीआर-८०८ ही वाद्ये वापरली होती. त्यांपैकी ज्युपिटर-८ मध्ये ६४ नाद साठविता येत व ते फितीवर उतरवून ठेवता येत. तथापि निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना व संगणकाला समान अशी संदेशभाषा तोपर्यंत नव्हती.

कार्यपद्धती : ही उणीव १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या ‘मिडी’ या संकेतप्रणालीने भरून काढली. तीत संदेश सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने जातात. एका जोडणीवर १६ वाहिन्या असतात व बहुतेक मूल्ये ० ते १२७ या मर्यादेत राहतात. स्वर सुरू होणे, थांबणे हे संदेश सर्व वाद्यांना समान असतात. नादाची अंतर्गत मूल्ये मात्र प्रत्येक वाद्याची वेगळी असल्याने त्यांच्यासाठी ‘सिस्टिम एक्सक्लूझिव्ह’ हा स्वतंत्र संदेशप्रकार ठेवलेला आहे. त्यात आरंभी निर्मात्याचा क्रमांक (उदा., रोलँड ६५, यामाहा ६७) येतो; त्यानंतर मूल्ये व बहुधा शेवटी पडताळ्याची बेरीज येते. बेरीज न जुळल्यास वाद्य तो संदेश नाकारते.

यामाहा डीएक्स-७ (१९८३) या वाद्याच्या उदाहरणावरून संपादनाची गरज स्पष्ट होते. जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या कंप्रता-विरूपण तत्त्वावर ते चालते. त्यात सहा आंदोलक असून ते ३२ प्रकारे जोडता येतात. एका नादाची मूल्ये १५५ अंकांत मांडलेली असतात व त्यांतील शेवटचे दहा अंक नादाच्या नावाचे असतात. वाद्यावरील पडदा केवळ ३२ अक्षरांचा असल्याने एका वेळी एकच मूल्य दिसते. संगणकावर सर्व मूल्ये एकत्र दिसतात आणि नादाचा चढउतार आलेखाच्या रूपात ओढून बदलता येतो. ३२ नादांचा पूर्ण संच ४,१०४ बाइटांचा असून तो सु. १.३ सेकंदात संगणकात उतरतो. वाद्याची स्मृती आतील विद्युत् घटावर टिकते. घट संपल्यास वादकाने वर्षानुवर्षे जमविलेले नाद नाहीसे होतात. म्हणून संगणकातील प्रत हेच त्यांचे खरे संरक्षण होय.

भारतीय संगीताच्या दृष्टीने महत्त्व : १९९१ मध्ये ठरविलेल्या १२८ नादांच्या सर्वसामान्य यादीत सतारीस १०५ वा व सनईस ११२ वा क्रमांक मिळाला, ढोलकी, ताशा व हलगी यांना मात्र तालवाद्यांच्या यादीतही स्थान नव्हते. गिरगाव, लालबाग व परळ येथील गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत वाजणाऱ्या बेंजो पथकांना नेमक्या याच नादांची गरज असते. बुलबुलतरंगाच्या जातीच्या बेंजोबरोबर या पथकांत कीबोर्ड व ऑक्टोपॅड ही विद्युत् वाद्येही असतात. ढोलकीच्या थापेचे वेगवेगळे ध्वनिमुद्रित नमुने संगणकावर छाटून, त्यांची पट्टी जुळवून ते नमुने साठवू शकणाऱ्या पॅडमध्ये भरले जातात. हलका व जोरकस आघात यांसाठी निराळे नमुने न योजल्यास वादन यांत्रिक वाटते.

दुसरा प्रश्न स्वरस्थानांचा आहे. कारखान्यातून येणारे वाद्य समविभाजित सप्तकात लावलेले असते. त्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंट अंतरावर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र सु. ३८६ सेंटांवर असतो. हाच प्रश्न पेटीबाबत पूर्वीपासून चर्चिला गेला आहे. पेटीचा कारागीर पितळी स्वरपट्टी टोकाकडे घासून स्वर चढवितो व मुळाकडे घासून उतरवितो. संपादनात हेच काम एक अंक बदलून होते. वाद्यात तशी सोय असल्यास गंधार १४, शुद्ध धैवत १६ व शुद्ध निषाद १२ सेंट उतरविल्यास आणि पंचम २ सेंट चढविल्यास ते षड्जाशी संवादी होतात. मात्र षड्ज बदलला की सर्व दुरुस्त्या नव्या षड्जापासून पुन्हा कराव्या लागतात.

मर्यादा : मींड दाखविण्यासाठी स्वर वाकविण्याचा जो संदेश आहे, त्यात १६,३८४ सूक्ष्म पायऱ्या असतात, परंतु तो संपूर्ण वाहिनीस लागू होत असल्याने त्याच वाहिनीवरील आधारस्वरही वाकतो. प्रत्येक स्वरास स्वतंत्र वाहिनी देणारी पद्धती २०१८ मध्ये मान्य झाल्याने ही अडचण पुष्कळ कमी झाली. मात्र तिचा लाभ होण्यासाठी वाद्यातही तशी सोय असावी लागते. शिवाय कोणता गंधार घ्यावा, थाप कोठे सैल सोडावी, याचा निर्णय संगणक करीत नाही. तो वादकाच्या कानावरच अवलंबून राहतो.