आटे गेले, तर नुसते आवळणे धोक्याचे

चाकणला तयार होणाऱ्या ‘स्कॉर्पिओ-एन’सारख्या दणकट गाड्यांच्याही सस्पेन्शनचा भार अखेर काही बोल्टवरच असतो. चिखल न पुसता किंवा तिरका धरून बोल्ट आवळल्यास आटे जातात. असा बोल्ट ढिला होऊन निसटला, तर चाकावरील ताबा सुटू शकतो. नटाचे आटे गेल्यास बोल्टही तपासून नवा नट बसवावा. छिद्रातील आटे गेल्यास ते मोठे करून, टॅपने नवे आटे पाडून त्यात पोलादी तारेचे इन्सर्ट बसवतात. मूळ मापाचाच बोल्ट चालतो. मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच हा उपाय करावा. तडा असल्यास तो भागच बदलावा. ‘१०.९’ खुणेच्या बोल्टऐवजी ‘८.८’चा वापरू नये. त्याची ताणशक्ती सुमारे २० टक्के कमी असते. शेवटी टॉर्क रेंचनेच, ठरलेल्या मापाइतके आवळावे.